पितरांना दिसलेली जोडी

३ मे, शनिवार

पुन्हा एक जोडी आली. पाठीवर स्वतःपेक्षा थोराड पोती, अंगावर धुवायला काढल्यासारखे कपडे, आणि चेहऱ्यावर असा काही आनंद, की जणू आमची नदी यांनीच आज सकाळी शोधून काढली. दोन दिवस राहणार म्हणे. यांचे दोन दिवस म्हणजे किती, ते मला चांगलं ठाऊक आहे. यांना बसचं वेळापत्रक कळत नाही आणि बसला यांची पर्वा नाही.

पासपोर्ट बघितले. स्पेनचे. ती नेरेया, तो इकेर. दोघांची दोन-दोन आडनावं, म्हणजे एकूण चार, आणि चारातलं एकही दुसऱ्याशी जुळत नाही. म्हटलं, झालं! लग्नाचा पत्ता नाही आणि निघाले जग बघायला. आमच्याकडे बाई लग्न झाल्यावर नवऱ्याचं आडनाव लावते. निदान लोकांना कळतं तरी कोण कुणाचं. मी काही विचारलं नाही. विचारायचं काय, कागद बोलतोच आहे. दिली मागची खोली.

मागच्या खोल्या मी मुद्दाम वेगळ्या बांधून घेतल्यात. सुतार म्हणत होता, छप्पर घराला जोडून घेऊ, पत्रा वाचेल. मी म्हटलं, जोडायचं नाही, मध्ये वीतभर फट ठेव. लग्नाशिवायची जोडी घराच्या छपराखाली एकत्र निजली की पितर कोपतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण पितर घराचे, मागच्या पत्र्याचे नव्हेत. आमचे हे, खामसिंग, तेव्हा हसले होते. "म्हणजे पितरांना वीतभर फट ओलांडता येत नाही होय?" ज्याला स्वतःचा गंजीफ्रॉक सापडत नाही त्यानं पितरांवर बोलू नये.

५ मे, सोमवार

बत्तीस वर्षं शाळेत टाचणवही लिहिली. निवृत्त झाले तरी हात थांबत नाही, म्हणून ही वही. पण आज लिहायचं तरी काय? दोघं सकाळपासून कठड्याशी बसून नदीकडे बघतायत. नदी वाहते आहे. काल वाहत होती, उद्याही वाहील. एवढं बघायला हजारो मैल उडत आले.

जेवताना मात्र गंमत बघितली. त्यानं तिच्या माशाचे काटे काढून दिले, न सांगता. तिनं आपल्या ताटातल्या मिरच्या उचलून त्याच्या भातावर ठेवल्या, तेही न बघता. मग पंचा ओला कुणी ठेवला यावरून अर्धा तास भांडण. आवाज चढवून नाही. ज्याचा शेवट दोघांनाही पाठ आहे असं भांडण. लग्न न झालेली माणसं अशी भांडतात हे मला नवीनच.

नेरेयानं फोन पुढे केला. ती त्यात बोलते आणि तो आमच्या भाषेत रेडिओवरच्या बातम्यांसारखा ओरडतो. "आदरणीय महोदया, आपल्या कुटुंबात एकूण किती सदस्य आहेत?" मी दोन बोटं दाखवली. हे उगीच खाकरले.

दोनच आहोत. तीन वर्षांपूर्वी दारावान त्या विसायबरोबर निघून गेली. ट्रकची पंक्चरं काढतो तो. मागणी घालायला त्याच्याकडून कुणी थोरलं माणूस आलं नाही, कसली रीत नाही, लग्नाचा भात नाही. दोघं सरळ बसमध्ये बसून राजधानीत, विएन्तियानला गेली. मी निरोप धाडला, पितरांसमोर माफी मागितल्याशिवाय या घराची पायरी चढायची नाही. नाही चढली. एकुलती एक पोरगी. बस्स, याच्यापुढे लिहीत नाही.

या उकाड्यात आमचे हे होडीभर सरपण घेऊन पलीकडच्या गावी गेले. धूर न करणारं लाकूड, तेही निवडून, बारीक फोडून. म्हटलं, कशाला? तर म्हणे, मासे धुरावायला. धूर न करणाऱ्या लाकडावर मासे धुरावणारा हा पहिलाच पठ्ठ्या.

७ मे, बुधवार

काल संध्याकाळी वाऱ्यानं मागच्या खोल्यांचे पत्रे उचलून थेट केळीत नेऊन टाकले. जोडीची पोती भिजली. दोघं अंगणात उभे राहून हसत होते. घर उडालं की हसू येतं, हे कोणत्या शाळेत शिकवतात देव जाणे.

आता घरात घेण्यावाचून इलाज नव्हता. रिकामी खोली एकच, दारावानची. मी खुणा करून, फोनवर ओरडून बजावलं: ती आत, तो बाहेर ओसरीवर. मान डोलावली दोघांनी. सकाळी बघते तर हा ताडमाड गडी आत, तिच्या मच्छरदाणीत, तोंड उघडं टाकून घोरतोय. विचारलं तर हात दाखवला. मच्छरांनी खाल्लेला. अरे, मच्छर परवडले, पितर परवडायचे नाहीत!

"अगं, पोरं दमली होती," हे म्हणाले.

"तुम्हाला सगळीच पोरं वाटतात."

"सगळी नाही," म्हणाले, आणि होडीकडे गेले.

८ मे, गुरुवार

माझं खरं झालं. सकाळी मुरवलेल्या माशांचा रांजण तडकला. दोन वर्षांचं मुरवण अंगणभर, गावातली कुत्री पाहुणचाराला. तो धुऊन काढताना जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून मी घसरले. घोटा नारळाएवढा सुजलाय. नेरेयानं कुठलंसं मलम चोळून दिलं. हात चांगला आहे तिचा. म्हणून काही क्षमा होत नाही.

९ मे, शुक्रवार

ओनसी आजोबांना बोलावलं. गावात पितरांशी बोलणारे ते एकटेच उरलेत. ताटात चिमूटभर तांदूळ टाकतात आणि दोन-दोन दाणे सरकवतात. जोडीनं संपले तर उत्तर हो, एक उरला तर नाही.

"पितर रागावलेत," आजोबा म्हणाले.

"ते कळलंच. कुणावर?"

"एका जोडीवर."

मी यांच्याकडे बघितलं. बोलले नव्हते मी?

आजोबांनी पुन्हा दाणे टाकले. "पोरगी घरचीच आहे म्हणतात."

"सहा दिवस माझ्या हातचा भात खातेय. घरचीच म्हणायची आता."

आजोबांनी यांच्याकडे बघितलं, यांनी आढ्याकडे. 

उपाय आपला नेहमीचाच. जोडीनं फुलं, मेणबत्त्या, उकडलेली कोंबडी आणि तांदळाच्या दारूची बाटली पुढे ठेवून गुडघे टेकायचे. आजोबा विचारतील, चूक काय. चूक सांगायची. मग पोरीच्या आईनं मनगटाला दोरा बांधून माफ करायचं. आता हिची आई बसलीये स्पेनमध्ये. म्हणजे आईच्या जागी मी! ओळख ना पाळख, आणि माझ्या गळ्यात लेक.

१० मे, शनिवार

फोनवरून जोडीला सांगितलं, सोमवारी पितरांचा विधी आहे, तुम्ही दोघांनी बसायचं. फोननं काय सांगितलं कुणास ठाऊक, दोघं टाळ्या पिटायला लागले. सण वाटला त्यांना. मी जास्त खोलात गेले नाही.

दुपारी हे त्यांना होडीतून पलीकडे घेऊन गेले. परत आल्यावर नेरेयानं फोनवर फोटो दाखवला. चार दिवसांचं तान्हं, लालबुंद, टोपलीत, शेजारी शेकोटी. आमच्याकडे बाळंतिणीला विस्तवाशेजारी निजवतात, तशी. फोन खणखणीत म्हणाला, "अत्यंत सुंदर बालक. आपले हार्दिक अभिनंदन." या यंत्राला कुणाला काय म्हणावं याचा पोच नाही.

"कुणाचं हो?" मी विचारलं.

"पलीकडच्या गावातलं," हे म्हणाले. "मुलगी आहे."

"आई कुठली?"

"इकडचीच."

परदेशी माणसाला कुठलंही बाळ दिसलं की फोटो काढायचाच असतो. नेरेया मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहिली, मग यांच्याकडे. मी भात उपसायला उठले. रात्रीचा भात अंमळ जास्तच शिजला आज.

१२ मे, सोमवार

घडलं ते ओळीनं लिहिते.

सकाळी सगळं मांडलं. चटई, फुलं, कोंबडी. शेजारणी नटून आल्या. फुकटची कोंबडी असली की सगळ्यांना पितर आठवतात. जोडी गुडघे दुमडून बसली. इकेरचे गुडघे चटईत मावेनात. आजोबांनी पितरांना बोलावलं, सगळ्यांची नावं घेऊन, माझ्या सासूच्या पणजीपर्यंत. मग जोडीकडे वळून म्हणाले, "लग्नाशिवाय या छपराखाली एकत्र निजलात. चूक मान्य?"

फोननं ते सांगितलं. इकेरनं पुन्हा सांगायला लावलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि नेरेयानं गळ्यातली साखळी बाहेर ओढली. तिच्यात अंगठी. त्यानं फोनवर फोटो शोधून दाखवला. ही पांढऱ्या झग्यात, तो गळपट्टा लावून, आणि मध्ये एक जाडजूड म्हातारी रडतेय.

फोन ओरडला, "आम्ही विवाहित आहोत. नऊ वर्षे. आमच्या देशात पत्नी आपले आडनाव बदलत नाही."

 शेजारची बुआली तोंडावर हात धरून म्हणाली, "बत्तीस वर्षं पेपर तपासले बाईंनी, एवढा एक चुकला." सगळ्या फिदीफिदी. माझ्याच हाताखाली तिसरीत दोनदा बसलेली बया ही!

मी म्हटलं, "चला, मग प्रश्नच मिटला. जेवून घ्या."

"थांबा बाई," आजोबा म्हणाले. "पितर बोलावून झालेत. रिकाम्या हातांनी परत पाठवता येत नाही. तांदूळ म्हणाले जोडी. म्हणाले, पोरगी घरची. मग कोणती?"

 कोंबडीवर माशी बसली तरी कुणी हाकलली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तो स्पेनचा बांबूसुद्धा.

"दारावान," मी म्हटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा नाव मोठ्यानं घेतलं. आवाज माझा नव्हताच.

"चूक काय?"

"थोरलं माणूस मागणीला न पाठवता, रीत मोडून गेली."

"आले होते," हे म्हणाले.

मी वळून बघितलं. या माणसानं चाळीस वर्षांत चारचौघांत माझं वाक्य कधी खोडलं नव्हतं.

"पितर बसलेत गं समोर," हे म्हणाले. "खोटं नको. विसायचा थोंगदीकाका आणि काकाचा थोरला भाऊ आले होते. धुतलेले सदरे घालून, हातात फुलं घेऊन. भर दुपारी तू त्यांना पायरीशी उभं केलंस. वर या म्हणाली नाहीस, पाणी विचारलं नाहीस."

"तेव्हा तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"शिवलं होतं. ती माझी चूक. आजोबा, दोन चुका धरा, एक तिची, एक माझी. पोरीची धरू नका."

मी उठले आणि लंगडत स्वयंपाकघरात गेले. बाहेर सगळ्यांनी कोंबडी खाल्ली. चांगली झाली होती म्हणे.

१३ मे, मंगळवार



वहीला काय लाजायचं, लिहून टाकते. आले होते ते. दोघंही माझ्याहून वयानं मोठे. दारावानसाठी मी मनात एखादा मास्तर, निदान कचेरीतला कारकून धरून ठेवला होता, आणि दारात उभे हे, नखांत वंगण गेलेल्या पोरासाठी. मी वरून विचारलं, "पंक्चरं काढून बायको पोसणार का तो?" थोंगदी म्हणाला, "बाई, विसाय तुमच्याच शाळेत शिकला." मी म्हटलं, "म्हणूनच तर सांगते." थोरल्यानं फुलं पायरीवर ठेवली आणि दोघं वळले. ती फुलं मी गायीला घातली.

दारावान खोलीतून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मग मी गावभर सांगितलं, कुणी आलंच नाही. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. पाढे असेच पाठ होतात. वर तिलाच निरोप, माफी माग! मी तिला माफी मागायला लावत होते, माझ्या चुकीची. लाज वाटते. लिहिताना वाटते म्हणजे खरीच वाटत असणार.

१४ मे, बुधवार

जोडी गेली. पोती पाठीवर, चेहऱ्यावर तोच बावळट आनंद. इकेरनं जाण्याआधी मागचे पत्रे बसवून दिले, चार खिळे वाकडे ठोकले. नेरेयानं मला मिठी मारली. आमच्याकडे मारत नाहीत. मी खांबासारखी उभी राहिले. मग तिनं फोनमध्ये काहीतरी सांगितलं आणि तो बातम्यांच्या आवाजात म्हणाला, "त्या बालकाचे कान आपल्यासारखे आहेत."

कसले कान? मी फक्त बसकडे हात केला.

नंतर भांडी घासायला बसले. चार भांड्यांना दुपार झाली. हे दोनदा येऊन बघून गेले.

"पलीकडे थोंगदीकाका असतो का अजून?" मी विचारलं.

"असतो."

"आणि थोरला?"

"उद्या जाऊ," हे म्हणाले. "पाय बरा नाही तर परवा."

"पाय माझा आहे, कधी जायचं ते मी ठरवीन."

१६ मे, शुक्रवार

परगावी बसून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं.

सकाळी निघालो. फुलं मी स्वतः बांधली, केळीच्या पानात, दोन मेणबत्त्या. यांनी होडी वल्हवली. नदी ओलांडायला पाव तास लागतो. पाव तास! थोंगदी माझ्याहून वयानं मोठा आहे, एवढी एक सोय. लहानापुढे गुडघे टेकायची वेळ आली असती तर मी परत फिरले असते, खोटं कशाला बोलू.

हे होडीतच थांबले. मी एकटी वर गेले.

थोंगदी ओसरीवर जाळं विणत होता. मला बघितलं, आणि विणतच राहिला.

"कोण?"

"मी बुआथोंग. शाळेतली."

"काय काम?"

"चूक कबूल करायला आलेय. तुमच्या दोघांपुढे."

"थोरलं माणूस कोण आणलंय बरोबर?"

"कुणी नाही. मीच."

त्यानं एक गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. "आम्ही तुमच्या पायरीशी किती वेळ उभे होतो, माहीत आहे?"

"नाही."

"मलाही नाही. मी खाली मान घालून होतो. मोजलं असेल तर थोरल्यानं मोजलं असेल. तो गेला गेल्या हिवाळ्यात."

 फुलं पुढे केली, ती त्यानं घेतली नाहीत.

"उभ्या राहा जरा," म्हणाला.

मी उभी राहिले. ऊन डोक्यावर. घोट्यात कळा. एका क्षणी तोंडाशी आलं होतं, की म्हाताऱ्या, मी कोण आहे माहीत आहे का तुला! गिळलं. त्याला माहीत होतं, म्हणून तर उभं केलं होतं. त्याच्या थोरल्याला मी कधीच वर बोलावू शकणार नाही, हे तिथं उभं असताना कळलं, आणि ते घोट्यापेक्षा जास्त दुखलं. जाळ्याची एक आख्खी ओळ विणून झाली. मी उभीच.

मग दार वाजलं. पोटाला बाळंतिणीचं फडकं आवळलेली, केस घामानं चिकटलेले, कडेवर ते तान्हं. माझी दारावान. विएन्तियानला नव्हतीच ती. इथे होती, माझ्या कठड्यावरून ज्या गावाचा धूर दिसतो तिथे.

"काका, पुरे," ती म्हणाली. "पाय सुजलाय तिचा." मग माझ्याकडे बघितलं. "आणि तू गं? तीन वर्षं लागली नदी ओलांडायला. आता या चार पायऱ्यांना किती लावणारेस?"

जीभ बघा पोरीची! आईशी बोलायची ही रीत? असं म्हणायला गेले, तर मी रडत होते. भर उन्हात, फुलं छातीशी धरून, तिसरीतल्या पोरीसारखी हुंदके देत.

थोंगदीनं जाळं बाजूला टाकलं. उठला, दोन पायऱ्या खाली उतरला आणि माझ्या हातातली फुलं घेतली. मग आत तोंड करून ओरडला, "अरे विसाय, चटई टाक. तुझ्या शाळेतल्या बाई आल्यात."